तीन पाळ्यांचा नट

दुपारी शूटिंग, रात्री प्रयोग आणि मधल्या वेळात गाडीत डुलकी, ही ओढाताण मराठी नटाला नवी नाही. शंभरेक वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये लुई जूव्हे (१८८७-१९५१) हेच करत होता, आणि वर दोन जबाबदाऱ्या आणखी: नाट्यशाळेत शिकवणं आणि स्वतःचं थिएटर चालवणं. खालचा दिवस एका तारखेचा नाही. १९३६ ते १९३८ या हंगामांतली त्याची कामं एका दिवसात बसवली आहेत आणि घड्याळ ढोबळ धरलं आहे.

सकाळी ९. अतेने थिएटर, पॅरिसच्या ऑपेरापासून चार पावलांवर. ऑक्टोबर १९३४पासून ते जूव्हेच्या ताब्यात आहे. दिवसाची सुरुवात बिलांनी. नटांचे पगार, सुतार, शिंपी, वीज. सरकारी अनुदान नाही. नाटक पडलं तर खड्डा मालकाच्याच खिशाला. १९३७पासून हाताशी शार्लोत देल्बो ही तरुण सेक्रेटरी आहे. तिला लघुलेखन येतं, ते पुढे फार उपयोगी पडणार आहे.

हिशेबाची शिस्त बहुधा जुन्या अभ्यासातली असावी. जूव्हेनं औषधनिर्माणाची पदविका घेतली होती. घरच्यांनी नाटकाआधी पोटापाण्याचं बघायला लावलं, हे त्यामागचं कारण. आपल्याकडे डॉ. लागू आणि डॉ. घाणेकर रंगभूमीवर आले ते डॉक्टरी शिकून. हा आला औषधांच्या दुकानातून.

सकाळी १०. कॉन्झर्व्हातोआर, म्हणजे फ्रान्सची सरकारी नाट्यशाळा. याच शाळेनं त्याला प्रवेशपरीक्षेत तीनदा नापास केलं होतं. तरुणपणी तो बोलताना अडखळायचा. पुढे दिग्दर्शक ज्याक कोपोच्या व्ह्यू-कोलोंबिए थिएटरात तो १९१३ला शिरला तो मिळेल ते काम करत: रंगमंच व्यवस्था, नेपथ्य, दिवे. नट म्हणून नाव त्याच धबडग्यात झालं. त्याचं ते प्रसिद्ध तुटक, शब्द छाटून फेकणारं बोलणं जिभेच्या अडखळण्यावर मात करता करता घडलं, असं मानतात. १९३४ला त्याच शाळेनं त्याला प्राध्यापक म्हणून बोलावलं.

वर्ग कसा चालतो? विद्यार्थिनी मोलिएरचा प्रवेश करायला उभी राहते. ‘दों ज्युआं’मधली एल्व्हीर, फसवून टाकून दिलेली बायको. आता सूड नको, आता ती नवऱ्याला सावध करायला आली आहे: पश्चात्ताप कर, नाहीतर नरकात जाशील. मुलगी प्रवेश करते आणि तोंड उघडण्याआधीच जूव्हे तिला थांबवतो. आत येण्याची चालच चुकली. पुन्हा. आता वाक्यं येतात, स्वच्छ, पाठ, सुरेल. पुन्हा थांब. तुला जमतंय, हीच अडचण आहे, असा त्याचा रोख. पात्राच्या मनाचं पृथक्करण करत बसू नकोस. वाक्याचा श्वास पकड, मग भावना मागून येईल. तो खेकसतो, टोमणे मारतो, मधेच स्वतः वाक्य म्हणून दाखवतो, आणि मुलगी आठवड्यानंतर तिथेच उभी असते.

हे आज इतक्या बारकाईनं सांगता येतं, कारण वर्गातलं बोलणं लघुलिपीत उतरवलं जाई. देल्बोनंही ते काम केलं. वरचा एल्व्हीरचा पाठ मात्र आपल्या दिवसानंतरचा आहे: या प्रवेशावरचे सात पाठ १४ फेब्रुवारी ते २१ सप्टेंबर १९४० या काळातले आहेत. पहिल्या पाठाच्या वेळी पॅरिस मोकळं होतं, शेवटच्या वेळी जर्मनांच्या ताब्यात. ती मुलगी ज्यू होती. पुढे तिला रंगमंच बंद झाला. १९८६ला ब्रिजित जाक यांनी या नोंदींचं जवळजवळ जसंच्या तसं नाटक केलं, ‘एल्व्हीर जूव्हे ४०’. शिकवणीच्या टिपणांवर नाटक उभं राहावं, असं भाग्य फार थोड्या मास्तरांच्या वाट्याला येतं.

दुपारी १. स्टुडिओ. सिनेमावर त्याचं फारसं प्रेम नव्हतं. रात्रीचा खड्डा दिवसा भरायचा, एवढाच सरळ व्यवहार. पण काम पाहा. १९३६च्या ‘ले बा-फों’मध्ये, म्हणजे गॉर्कीच्या नाटकावरच्या ज्याँ रेन्वारच्या चित्रपटात, तो जुगारात सर्वस्व घालवलेला सरदार आहे. ज्याँ गाबँबरोबर गवतात पडल्या पडल्या गप्पा चालल्या आहेत आणि याच्या हातावर एक गोगलगाय चालते आहे. सरदार तिच्याकडे बघतो. कसली घाई नाही, कसला पश्चात्तापही नाही. इतकं कमी करून इतकं दाखवणारा नट प्रयोग आणि बिलं यांच्यामधून तिथे पोचलेला होता, हे पडद्यावर कळत नाही.

पुढच्या वर्षी मार्सेल कार्नेचा ‘द्रोल द द्राम’. जूव्हे बिशप झाला आहे, आणि पुढे हाच बिशप वेषांतर करून स्कॉटिश घागऱ्यात हिंडतो. समोर मिशेल सिमों. दोघांचं एकमेकांशी पटत नसे. सिमों एकेकाळी जूव्हेच्याच नाटकात होता, त्यामुळे जुनी खुन्नस ताजी. जेवणाच्या टेबलावरच्या प्रवेशात दोघं एकमेकांना पाजत सुटले, अशी दंतकथा आहे. चित्रपट तेव्हा पडला. आज तोच फ्रेंच विनोदाचा नमुना म्हणून दाखवतात.

संध्याकाळी ६. तालीम. हा दिवस १९३७च्या सुरुवातीचा असता, तर ती कॉमेदी-फ्रान्सेज या सरकारी थिएटरात असती; तिथे त्यानं त्या वर्षी कॉर्नेयचं ‘लिल्यूझियों कॉमिक’ बसवलं.

रात्री ८. रंगपटात जाण्याआधी दिवे. कोपोकडे असताना त्यानं बनवलेल्या दिव्यांना लोक ‘जूव्हे’च म्हणत. आता थिएटर स्वतःचं, तरी झोत कुठे पडतो हे बघायचं तो सोडत नाही.

रात्री ९. आपल्याकडे तिसरी घंटा, तिथे रंगमंचाच्या फळ्यांवर काठीचे तीन ठोके. पडदा वर. मोलिएरचं ‘लेकोल दे फाम’, ९ मे १९३६पासून गाजत असलेलं. क्रिस्तियां बेरारच्या नेपथ्यात बागेच्या भिंती दारांसारख्या उघडतात नि मिटतात आणि उघड्या आभाळाखाली झुंबरं लटकतात. कोवळ्या पोरीला अज्ञानात वाढवून तिच्याशी लग्न लावू पाहणारा आर्नोल्फ म्हणजे जूव्हे. ती पोर, आन्येस, म्हणजे मादलेन ओझरे.

आणि गल्ला आटला की ‘क्नॉक’. ज्यूल रोमँचं हे नाटक डिसेंबर १९२३चं. गावात नवा डॉक्टर येतो, तिथे आजारी कुणीच नाही. तो दवंडीवाल्यालाच तपासायला घेतो, त्याच्या अंगावरच्या खाजेची इतकी गंभीर चौकशी करतो की बिचारा घाबरून घरी जातो. मग आठवड्यातून एक दिवस फुकट तपासणी, आणि शेवटी सगळं गाव अंथरुणात. जूव्हेनं हा डॉक्टर हजाराहून अधिक वेळा केला, आणि पडद्यावर दोनदा, १९३३ आणि १९५१ साली. माझ्या मते हे नाटक आज पुन्हा करायला हवं. पॅकेज विकणाऱ्या तपासणी केंद्रांच्या काळात त्याला नव्यानं काही लिहावं लागणार नाही.

मध्यरात्र. मेकअप उतरला की जिरोदू. १९२८च्या ‘सीगफ्रीद’पासून हा मुत्सद्दी लेखक जूव्हेसाठी लिहितो आहे. १९३७च्या ‘लॅंप्रोंप्त्यू द पारी’त त्यानं जूव्हेच्या मंडळींना त्यांच्याच नावांनी रंगमंचावर उभं केलं; सरकारी पैसा वाटायला एक प्रतिनिधी येतो आणि नट त्याला नाटक म्हणजे काय ते ऐकवतात. सकाळची बिलं आठवली की या विनोदाला धार येते.

१९४१ला जूव्हे नाटक कंपनी घेऊन दक्षिण अमेरिकेत गेला. देल्बो तिथून परतली, प्रतिकार चळवळीत पकडली गेली, आउशवित्झला गेली आणि जगली. तिनं त्यावर लिहिलेली पुस्तकं आज महत्त्वाची मानली जातात. जूव्हे १९४५ला परतला. ऑगस्ट १९५१मध्ये तालमीच्या वेळी त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी, १६ ऑगस्टला, थिएटरातच तो गेला. थिएटरच्या नावात आज त्याचं नाव आहे.

त्याचे चित्रपट बघायला घेणार असाल तर १९३८च्या ‘आन्त्रे देझार्तिस्त’पासून घ्या. त्यात तो कॉन्झर्व्हातोआरचा प्राध्यापक आहे.