पानापासून पडद्यापर्यंत : डिजिटल छायाचित्रणाचे शोध आणि पीकसंरक्षणाचा सल्ला

मिरचीच्या शेंड्याची पाने वळलेली दिसली, की शेतकऱ्याचा हात आज प्रथम मोबाइलकडे जातो. काढलेले छायाचित्र काही क्षणांत विस्तार कार्यकर्त्याकडे पोहोचते आणि त्यासोबत बहुधा एकच प्रश्न असतो : कोणते औषध फवारावे? मात्र पाने वळण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. फुलकिड्यांच्या प्रादुर्भावात पानांच्या कडा वरच्या बाजूस वळतात, पिवळ्या कोळ्याच्या प्रादुर्भावात त्या खाली वळतात, तर पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे पाने आक्रसून झाड खुजे राहते. फुलकिडे हे कीटक आहेत, कोळी हा कीटक नव्हे, त्यासाठी कोळीनाशकच लागते. विषाणूग्रस्त झाडाला बरे करणारे औषध उपलब्ध नाही. निदान चुकले तर फवारणीचा खर्च वाया जातोच, शिवाय कोळ्यांना खाणारे मित्रकीटक व परभक्षी कोळी मरून मूळ कीड अधिक बळावण्याची शक्यता असते.

हे निदान आता मोठ्या प्रमाणात छायाचित्रावर विसंबू लागले आहे. त्यामुळे छायाचित्र कसे घडते, हे जाणून घेणे पीकसंरक्षणाच्या दृष्टीने आवश्यक झाले आहे. शेतातील पान आणि तज्ज्ञाच्या हातातील पडदा यांच्यामध्ये गेल्या अर्धशतकातील काही मोठे शोध उभे आहेत. प्रत्येक शोधाने छायाचित्रण सोपे व स्वस्त केले. ते करताना प्रत्येकाने मूळ दृश्यातील काही भाग गाळला किंवा अंदाजाने भरून काढला. नेमके काय गाळले जाते, हे ज्याला ठाऊक आहे, तो आवश्यक तेवढे टिकवून छायाचित्र घेऊ शकतो.

प्रकाशाची मोजणी

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी ‘सीसीडी’ या सिलिकॉन उपकरणाची कल्पना मांडली. त्याचे कार्य पर्जन्यमापकाच्या उदाहरणाने समजू शकते. शेतात सारख्या आकाराची असंख्य भांडी ओळीने मांडली आणि पाऊस थांबल्यावर प्रत्येकातील पाणी क्रमाने मोजले, तर कोठे किती पाऊस पडला याचा नकाशा तयार होतो. सीसीडीच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म कप्पे प्रकाशामुळे निर्माण झालेला विद्युतभार असाच साठवतात, तो शेजारच्या कप्प्यांतून पुढे सरकवला जातो आणि शेवटी मोजला जातो. या कार्यासाठी दोघांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

१९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी सीसीडी वापरून पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. चित्रात १०० गुणिले १००, म्हणजे अवघे दहा हजार चित्रकण म्हणजेच पिक्सेल असत आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवण्यास २३ सेकंद लागत. पुढे १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ‘नासा’च्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीमॉस’ संवेदक विकसित केला. यात प्रत्येक कप्प्याजवळच संकेत वर्धित करणारी रचना असते, वीज कमी लागते आणि संगणकाच्या चिपप्रमाणेच त्याचे उत्पादन करता येते. आजच्या मोबाइलमधील कॅमेरा या संवेदकावर चालतो.

क्षेत्रीय कामासाठी येथे एक साधे गणित महत्त्वाचे आहे. छायाचित्राची रुंदी ४,००० चित्रकणांची आहे असे समजू. एक मीटर रुंदीचा पिकाचा भाग चौकटीत घेतला, तर एका मिलिमीटरच्या वाट्याला केवळ चार चित्रकण येतात. जवळ जाऊन दहा सेंटिमीटरचाच भाग घेतला, तर तेवढ्याच जागेसाठी ४० चित्रकण मिळतात. पिवळा कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटरचा असतो. पहिल्या छायाचित्रात त्याला एक चित्रकणही पुरता लाभत नाही, दुसऱ्यात आठ लाभतात. तेवढ्यावर तेथे काहीतरी ठिपका आहे इतके कळेल, पण तो कोळी आहे हे ओळखता येणार नाही. चित्र नंतर बोटांनी कितीही मोठे केले, तरी जे मोजलेच गेले नाही ते दिसत नाही.

रंगाचा अंदाज

सिलिकॉनच्या कप्प्याला प्रकाश किती आला एवढेच कळते, त्याचा रंग कळत नाही. यावरचा उपाय कोडॅकमधील ब्राइस बेयर यांनी शोधला. त्यांच्या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळाले. प्रत्येक कप्प्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी बसवायची आणि उरलेले दोन रंग शेजारच्या कप्प्यांवरून गणिताने काढायचे, अशी ही योजना आहे. यात निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, तर लाल व निळ्या प्रत्येकी एक चतुर्थांश. मानवी डोळा बारकावे प्रामुख्याने हिरव्या रंगाच्या पट्ट्यात टिपतो, म्हणून बेयर यांनी हिरव्याला दुप्पट स्थान दिले. याचा अर्थ असा, की सामान्य छायाचित्रातील रंगांची दोन तृतीयांश माहिती प्रत्यक्ष मोजलेली नसून अनुमानित असते.

त्यावर कॅमेऱ्याचे आणखी एक संस्करण होते. पांढरी वस्तू पांढरीच दिसावी म्हणून तो प्रकाशाचा रंग ओळखून चित्राचे सर्व रंग आपोआप बदलतो. चौकट पूर्णपणे पानांनी भरलेली असेल किंवा ऊन सायंकाळचे असेल, तर हा अंदाज चुकू शकतो. पिकाच्या पोषणाविषयी सल्ला देताना या चुकीला मोठी किंमत असते. नत्राची कमतरता प्रथम खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोहाची कमतरता प्रथम कोवळ्या पानांवर दिसते आणि तेथे शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. म्हणून पिवळेपणाची छटा किती गडद आहे यापेक्षा तो झाडाच्या कोणत्या भागावर व कोणत्या नमुन्यात आहे, ही माहिती अधिक विश्वसनीय ठरते. पानाशेजारी साधा पांढरा कागद ठेवला, तर पाहणाऱ्याला रंगाची चूक किती झाली ते ताडता येते.

डोळ्यांना न दिसणारी आणखी एक बाब येथे गळते. निरोगी पान निकट अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. सिलिकॉन संवेदकाला हे किरण जाणवतात, परंतु चित्राचे रंग बिघडू नयेत म्हणून मोबाइलमध्ये ते गाळणीने रोखले जातात. ड्रोन व उपग्रहांवरील बहुवर्णपटीय कॅमेरे नेमके हेच किरण मोजून पिकाच्या जोमाचा अंदाज देतात. त्यामुळे ड्रोनचा नकाशा आणि मोबाइलचे छायाचित्र एकमेकांचे पर्याय ठरत नाहीत. नकाशा शेतातील संशयास्पद जागा दाखवतो, तर जवळून घेतलेले छायाचित्र तेथील कारणाकडे निर्देश करते.

संक्षेप : एका भारतीय संशोधकाची देणगी

कोट्यवधी चित्रकणांचे चित्र ग्रामीण भागातील इंटरनेटवरूनही सहज जाते, याचे मोठे श्रेय बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांना आहे. १९७२ मध्ये त्यांनी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती पद्धतीची कल्पना मांडली. टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘जेपेग’ मानक याच पद्धतीवर उभे आहे.

या पद्धतीत चित्र आठ गुणिले आठ चित्रकणांच्या चौकोनांत विभागले जाते. प्रत्येक चौकोनातील ठळक, सावकाश बदलणारा भाग जपला जातो आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे अतिसूक्ष्म बदल कमी केले जातात. रंगांचे तपशील तर उजेड-अंधाराच्या तपशिलांपेक्षाही अधिक छाटले जातात. निसर्गदृश्यासाठी किंवा कौटुंबिक छायाचित्रासाठी हा सौदा उत्तम आहे. कीडशास्त्रात मात्र ओळख बहुधा त्या सूक्ष्म भागातच दडलेली असते.

भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचलेली मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी हे याचे चांगले उदाहरण आहे. वाढलेल्या अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण असते आणि शरीराच्या शेवटाकडील आठव्या उदरखंडावर चार गडद ठिपके चौकोनात मांडलेले असतात. या दोन खुणांवरून ती मक्यावरील इतर अळ्यांपासून वेगळी ओळखता येते. संदेशवाहक ॲपमधून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र आकाराने लहान केले जाते आणि पुन्हा संक्षिप्त होते. ४,००० चित्रकणांची रुंदी १,६०० वर आली, तर दूरवरून घेतलेल्या चित्रातील ते चार ठिपके एकमेकांत मिसळून जातात. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले, तर मूळ स्वरूपात पोहोचते.

गाजरापासून पडद्यापर्यंत

चित्राचा प्रवास पडद्यावर संपतो, आणि पडद्याच्या इतिहासाचा आरंभ एका वनस्पतिशास्त्रज्ञापासून होतो. १८८८ मध्ये प्राग येथे फ्रीड्रिख राइनिट्झर हे गाजरापासून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलच्या संयुगांचा अभ्यास करीत होते. त्यांपैकी एका संयुगाला दोन वितळणबिंदू आहेत असे त्यांना आढळले. सुमारे १४५ अंश सेल्सिअसला ते गढूळ द्रव होई आणि सुमारे १७८ अंशांना स्वच्छ. हा गढूळ द्रव म्हणजेच द्रवस्फटिक. १९६८ मध्ये ‘आरसीए’ कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने द्रवस्फटिकावर चालणारा पडदा जगापुढे मांडला. १९८७ मध्ये कोडॅकमधील चिंग टांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी स्वतः प्रकाशणाऱ्या सेंद्रिय पदार्थांच्या, म्हणजे ‘ओलेड’ पडद्यांचा पाया घातला. निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या द्रवस्फटिक पडद्यांमागील पांढरा उजेड सामान्यतः निळ्या एलईडीपासूनच मिळवतात.

पडद्याचा प्रकार, उजळपणा आणि मांडणी यांनुसार तेच चित्र वेगळे दिसते. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून वापरली जाणारी मांडणी निळा प्रकाश कमी करते, त्यामुळे हिरवे पान पिवळसर भासते. भर उन्हात पडदा फिका दिसतो व चित्रातील गडद ठिपके हरवतात. सल्ला देणाऱ्याने अशी मांडणी बंद करून, सावलीत, पुरेशा उजळपणावर चित्र पाहणे हा निदानाचाच एक भाग समजावा.

यंत्राची दृष्टी

छायाचित्रावरून कीड-रोग ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालींचा वापर वाढत आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीचा आरंभ केला. या प्रणालींचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही २०१६ मधील एका गाजलेल्या अभ्यासात स्पष्ट झाल्या. मोहंती, ह्यूज व सलाथे यांनी १४ पिके व २६ रोगांच्या ५४,३०६ छायाचित्रांचा संग्रह वापरून संगणकाला प्रशिक्षण दिले. त्याच संग्रहातील राखून ठेवलेल्या चित्रांवर ९९.३५ टक्के अचूकता मिळाली. मात्र वेगळ्या परिस्थितीत घेतलेल्या चित्रांवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली. संग्रहातील पाने खुडून एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवलेली होती. शेतात सावल्या, माती, दव आणि एकावर एक आलेली पाने असतात. प्रशिक्षणात शेतातील चित्रे जसजशी वाढतात, तसतशी ही दरी कमी होते. त्यासाठी क्षेत्रीय पातळीवरून येणारी स्पष्ट व योग्य माहितीसह घेतलेली छायाचित्रे मोलाची आहेत.

क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी

एकाच तक्रारीसाठी एक चित्र पुरेसे नसते. पुढील क्रम उपयुक्त ठरतो :

- पहिले चित्र शेताचे घ्यावे : प्रादुर्भाव ठिगळांत आहे, बांधालगत आहे की सर्वत्र, हे त्यातून कळते.
- दुसरे चित्र पूर्ण झाडाचे, तिसरे बाधित भागाचे जवळून आणि चौथे पानाच्या खालच्या बाजूचे घ्यावे. फुलकिडे, कोळी, पांढऱ्या माशीची पिल्ले बहुधा पानाखाली असतात.
- मिरचीसारख्या पिकात पान कडेच्या दिशेने घ्यावे. वरून घेतलेल्या चित्रात पान वर वळले आहे की खाली, हे निश्चित होत नाही.
- जवळच्या चित्रात पांढरा कागद व मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे.
- सकाळच्या मऊ उजेडात किंवा स्वतःच्या सावलीत चित्र घ्यावे. अपुऱ्या प्रकाशात चित्र रवाळ होते व रव घालवताना कॅमेरा बारकावेही पुसतो.
- फार सूक्ष्म किडीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग कॅमेऱ्याच्या काचेपुढे धरावे.
- चित्रे मूळ आकारात पाठवावीत. सोबत पिकाचे वय, वाण, लक्षणे दिसल्याची तारीख आणि आधी केलेल्या फवारण्या कळवाव्यात.

इतके करूनही एक गोष्ट छायाचित्र सांगू शकत नाही : किडीची संख्या. फवारणीचा निर्णय किडीच्या अस्तित्वावर नव्हे, तर आर्थिक नुकसान पातळीवर अवलंबून असतो. कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळणे हा निकष आहे. तो सापळ्यातील पतंग मोजूनच ठरतो. एका अळीचे अत्यंत सुस्पष्ट चित्रही ती अळी शेतात शंभर झाडांमागे एक आहे की वीस, हे सांगत नाही.

म्हणून छायाचित्र मिळाल्यावर सल्लागाराचा पहिला प्रतिसाद औषधाच्या नावाचा नसावा. प्रथम कीड कोणती याची खात्री करावी. चित्र अपुरे असेल, तर कोणत्या भागाचे आणखी चित्र हवे ते स्पष्टपणे सांगावे. त्यानंतर शेताच्या निरनिराळ्या भागांतील झाडे पाहून बाधित झाडांची मोजणी करण्यास सांगावे. ही मोजणी हाती आल्यावरच फवारणीची शिफारस करावी.