जुनी सायकल-सहल आणि आजचे गुडघे

परवा दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. वय ५९. मुलाने गिअरची सायकल घेऊन दिली आणि पहिल्याच रविवारी गुरुजी वाशिमहून मालेगावला जाऊन आले. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर! सोमवारी जिना उतरवेना. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तरुणपणी सायकलने शेगाव गाठत होतो. आता काय झाले?"

मलाही १९८७ ची दिवाळीची सुटी आठवली. आम्ही चौघे मित्र मालेगाव, मेडशी, पातूर, बाळापूर करत शेगावला गेलो होतो. कॅरिअरला सतरंजी, डब्यात भाकरी-ठेचा, सोबत हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान. परतताना पातूरचा घाट सायकल हातात धरून चढलो. तरी दुसऱ्या दिवशी कुणाचे काही दुखले नाही.

कारण सोपे आहे. त्या काळी शाळा, गिरणी, शेत, बाजार सगळे सायकलवरच होते. वर्षभर रोजचा सराव होता. सहल म्हणजे त्यात थोडी भर. पुढे मोटारसायकल आली आणि सराव सुटला. माझाही सुटला. पन्नाशीत माझी साखर वाढली, तेव्हा मी पुन्हा सायकल काढली.

मुंबईच्या पारशी तरुणांचे उदाहरण पाहा. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर पार करून मार्च १९२८ मध्ये परतले. हिशेब केला तर दिवसाला सरासरी ४४ किलोमीटर पडतात. म्हणजे व्यायामाने कमावलेल्या शरीराच्या या तरुणांची जी सरासरी, जवळजवळ तेवढे अंतर गुरुजींनी पहिल्याच दिवशी कापले!

गुरुजींच्या सायकलची सीट फार खाली होती. त्यामुळे गुडघ्यावर ताण आला. पण खरी गोष्ट वेगळीच निघाली. त्यांचा रक्तदाब १७०/१०० होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. गुडघे दुखले नसते तर ते आलेच नसते.

म्हणून चाळिशी उलटलेल्या वाचकांनी एवढे पाळावे:

सुरुवातीपूर्वी रक्तदाब व साखर तपासावी. हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच सायकल काढावी.

पहिला आठवडा सपाट रस्त्यावर १५-२० मिनिटे पुरेत. मग हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जावे. सायकल चालवताना दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत.

पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीट उंच ठेवावी.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा.

आपल्या भागातल्या उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे. पाणी सोबत असावेच.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम सुटणे, असे काही झाल्यास तिथेच थांबावे. गॅस म्हणून दुर्लक्ष न करता लगेच रुग्णालय गाठावे.

गुरुजींना सायकल विकू नका असे सांगितले आहे. रक्तदाब आटोक्यात आला की रोज गल्लीच्या टोकापासून सुरुवात. शेगाव कुठे जात नाही. सावकाश जाऊ.