डागी लाकडाच्या वाट्या

वखारीत लाकूड निवडताना सुतार आधी दोष शोधतो. दाराच्या चौकटीला सात फूट सरळ, बिनगाठीचं लाकूड लागतं. मधे गाठ आली किंवा टोकाची भेग हातभर आत शिरलेली दिसली, की तो तुकडा बाजूला पडतो आणि जळणाच्या भावाने जातो. कातारी नेमका याच ढिगापाशी थांबतो. त्याला सात फूट नकोच असतात. वीतभर रुंद आणि चार बोटं जाड ठोकळा मिळाला, तर चटणीची वाटी, सुपारीची थाळी, कुंकवाचा करंडा यांतलं काहीतरी निघतंच. तेवढं धड लाकूड बहुतेक फुटक्या ओंडक्यातही असतं. भेग कुठून कुठवर गेली आहे, हे मात्र आधी ओळखता आलं पाहिजे.

ते ओळखायचं तर लाकूड फुटतं का, हे माहीत हवं. ओलं लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. मध्यापासून सालीकडे जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने आकसतं. अख्खा ओंडका ही ओढाताण सोसू शकत नाही, म्हणून मध्यापासून सालीकडे चीर जाते. कापलेल्या टोकांतून पाणी झपाट्याने उडतं, त्यामुळे फुटायला सुरुवातही तिथूनच होते. यावरचा उपाय जुना आहे. ओंडका उभा चिरायचा, मधला भाग काढून टाकायचा आणि दोन्ही अर्ध्यांतून वाट्या काढायच्या. वाटी ओली असतानाच जाडसर कातून ठेवतात. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी सोडतात आणि ती काही महिने सावलीत ठेवतात. वजन उतरायचं थांबलं, की लाकूड वाळलं. तोवर गोल वाटी लंबगोल झालेली असते. जाडी जास्त सोडलेली असते ती यासाठीच. पुन्हा लेथवर चढवली, की ती गोल होते.

डागी ठोकळा लेथवर चढवण्याआधी बोटाच्या पेराने ठोकून बघतात. धड लाकूड खणखणीत वाजतं, आत भेग असेल तर बद्द आवाज येतो. या चाचणीला हसू नये. १५ सेंटिमीटर व्यासाचा ठोकळा मिनिटाला १,००० फेरे घेतो, तेव्हा त्याची कड ताशी २८ किलोमीटर वेगाने फिरत असते. त्यातून तुकडा सुटला, तर तो समोरच्या माणसाकडेच यायचा. म्हणून चेहऱ्यावर पारदर्शक ढाल हवी, सुरुवातीला वेग कमी हवा आणि पहिले फेरे होईपर्यंत बाजूला उभं राहावं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आरपार गेलेली भेग असेल, तर मोह आवरावा. असा ठोकळा जळणात गेलेलाच बरा.

खरी गंमत गोल पटाशी लाकडाला लागते तेव्हाची. वाटीत रेषा आडव्या असतात, त्यामुळे एका फेऱ्यात धारेला दोनदा रेषांची बाजू भेटते आणि दोनदा त्यांची तोंडं. बाजूवर ढलप्या लांबलचक सुटतात, तोंडांवर धार बोथट असली तर रेषा उपसल्या जातात आणि समोरासमोर दोन खरबरीत पट्टे उमटतात. बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे यायचं, आतून काठाकडून बुडाकडे. त्याने प्रत्येक रेषेला खालून दुसऱ्या रेषेचा आधार मिळतो. गाठ आली की हे सगळं बिनसतं. गाठ म्हणजे फांदीचं मूळ, तिच्या रेषा भलत्याच दिशेला जातात आणि लाकूडही कठीण असतं. तिथे पटाशी टकटक वाजू लागते. हात घट्ट करून जोर लावणारा फसतो. धार पुन्हा लावून केसाएवढा काप घेणाऱ्याचं निभतं.

सगळ्यांत देखणा दोष बुरशीचा. पडलेल्या झाडात बुरश्या शिरतात, लाकूड पांढुरकं पडतं आणि दोन बुरश्यांच्या हद्दी भिडतात तिथे काळ्या, शाईने ओढल्यासारख्या बारीक रेघा उमटतात. फिकट लाकडात, म्हणजे मेपल, बीच किंवा आपल्याकडच्या आंब्यात, त्या खुलून दिसतात. अमेरिकेत मेल आणि मार्क लिंडक्विस्ट या बापलेकांनी हे कुजू लागलेलं लाकूड लेथवर आणलं, आणि मार्कने १९७७ साली त्यावर लिहिलेल्या लेखाने ते इतर काताऱ्यांपर्यंत पोचलं. वेळ साधणं मात्र कठीण. थोडं आधी कापलं तर रेघा नाहीत, उशीर झाला तर लाकूड पावासारखं मऊ. या लाकडाची धूळ छातीत जाणं वाईट, मास्कशिवाय त्याच्या नादी लागू नये.

दोषाला मान मिळण्याची गोष्ट नवी नाही. मेपलच्या खोडाला आलेलं आवाळू कातून मध्ययुगीन इंग्लंडात पेले करत आणि त्यांच्या काठाला चांदी मढवत. आवाळवात रेषा सगळ्या दिशांना गुंतलेल्या असतात, म्हणून पातळ कातूनही ते एका रेषेत चिरत नाही. तिथे दोष हेच बळ होतं. बर्कशरमधल्या बकलबरीचा जॉर्ज लेली तर पायाने चालणाऱ्या लेथवर एल्मच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे अनेक वाडगे काढायचा. १९५८ साली तो गेला. त्याचा लेथ रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात आहे.

आपली परंपरा वेगळ्या वळणाची. सावंतवाडी आणि चन्नपट्टणमध्ये फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून चढते. रंग हाच तिथला दागिना, लाकूड त्याखाली झाकलेलं. त्यामुळे तिथे हवं असतं एकसारखं, मऊ, निमूट लाकूड. ती कला थोर आहेच. पण लाटणी, रवी, खाटेचे गाते कातणारे हात आपल्याकडे असताना, डागी लाकूड उघडं ठेवून केलेली वाटी बाजारात क्वचितच दिसते, याची खंत वाटते.

हल्ली भेगेत निळं रेझिन ओतून नदी दाखवायची टूम आहे. मला ती आवडत नाही. लाकडाला प्लास्टिकची टेकणी देऊन भिंतीवर टांगायची वस्तू होते, वापरायची होत नाही. बारीक चिरेत कॉफीची पूड दाबून वर पातळ चिकटद्रव्य सोडलं, की ती चीर काळी, गाठीसारखी दिसते आणि भागतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा बॉब स्टॉक्सडेल दुर्मीळ लाकडांचे नाजूक वाडगे कातून संग्रहालयांत पोचला, तरी सॅलडचे वाडगेही करत राहिला. हे मला जास्त पटतं. खाण्याच्या वाटीला जवसाचं तेल पुरेसं आहे. पातळ हात द्यायचा, जास्तीचं पुसून घ्यायचं आणि नीट वाळू द्यायचं. तेलाचे बोळे मात्र चुरगळून टाकू नयेत, ते आपोआप पेट घेतात.

पावसाळ्यात आवारातला आंबा पडला, तर तो लगेच तोडून जाळू नका. कापलेल्या टोकांना मेण नाहीतर जुना ऑइल पेंट फासा, ओंडका मधोमध उभा चिरून घ्या, अर्धे सावलीत ठेवा आणि जवळचा कातारी गाठा. वाटी घरी आली की ती पाण्यात भिजत ठेवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची आणि पालथी ठेवायची.