कंपवात : एक रोग की अनेक?

ताप हे लक्षण आहे, रोग नव्हे. मलेरियातही ताप येतो आणि टायफॉइडमध्येही. पण दोहोंची औषधे वेगळी. मेंदूच्या विकारांतही असाच भेद करावा लागतो.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांचे वर्णन केले. हात कापणे, पुढे झुकून चालणे ही त्यांची लक्षणे. या विकाराला आपण कंपवात म्हणतो. यात मेंदूतील डोपामीन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. १९६०च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले. मेंदूत त्याचे डोपामीन बनते आणि जखडलेल्या हालचाली मोकळ्या होतात.

परंतु तशाच दिसणाऱ्या काही रुग्णांना त्याचा फारसा गुण येत नाही. असे का? त्यांचा आजारच निराळा असतो. एका आजारात रुग्णाचा तोल लवकर जातो व नजर खाली वळत नाही. हा प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. दुसऱ्यात उभे राहताच रक्तदाब घसरतो. हा मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफी.

एक उदाहरण घेऊ. विहीर आटली, तर बाहेरून पाणी आणून पिके जगवता येतात. पण पिकेच वाळली असतील तर? कंपवातात विहीर आटते. या दोन आजारांत डोपामीन स्वीकारणाऱ्या पेशीही नष्ट होतात.

सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक भेद दिसतो. कंपवातात चेतापेशींत अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या गाठी साचतात, हे १९९७ साली कळले. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफीत तेच प्रथिन, पण मुख्यतः चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशींत साचते. पाल्सीत मात्र टाऊ हे प्रथिन असते. अल्झायमरच्या रोगातही टाऊ सापडते.

लेव्होडोपा उणीव भरून काढते, ऱ्हास थांबवत नाही. म्हणून संशोधक प्रथिनांवरच औषधे शोधत आहेत. अल्फा-सिन्यूक्लिनवरचे औषध टाऊच्या रुग्णाला देऊन काय उपयोग? चाचणीत असे रुग्ण मिसळले, तर चांगले औषधही निकामी ठरू शकेल. मणक्यातील द्रवाच्या तपासणीत आता अल्फा-सिन्यूक्लिनचा माग लागतो. त्यामुळे योग्य रुग्ण निवडणे सोपे होत आहे. तरीही तोल कधी गेला, नजर कुठे अडली, हे बारकाईने विचारणारा डॉक्टर आजही तितकाच मोलाचा आहे.