रानटर्की काय खाते?

उत्तर अमेरिकेतील शेतकरी मोडलेल्या मक्याशेजारी रानटर्कींचा थवा पाहतो आणि दोष त्या पक्ष्यांवर ठेवून मोकळा होतो. अभ्यासकांनी अशा तक्रारी तपासल्या, तेव्हा बरीचशी नासाडी हरणे, रॅकून आदी प्राण्यांची निघाली. ते बहुधा रात्री येऊन जातात. टर्की दिवसाउजेडी, उघड्यावर चरते. घटनास्थळी दिसला तो गुन्हेगार नव्हे, हे इतिहासाच्या वर्गातही वारंवार सांगावे लागते. शेतात ती बहुतेक वेळा सांडलेले दाणे व किडे टिपत असते.

तिचे खरे कोठार जंगलात आहे. पायांनी पाचोळा उकरून ती ओक, बीच या वृक्षांची फळे शोधते. दात नसल्याने ओकचे टणक फळ सबंध गिळते. पुढे पेषणी या स्नायुमय पिशवीत, गिळलेल्या खड्यांच्या साहाय्याने, ते भरडले जाते. अठराव्या शतकात इटलीच्या स्पालांझानी यांनी पाळीव टर्कींना काचेचे तुकडे खाऊ घातले. प्रयोग क्रूर खराच; पण काचेच्या धारा बोथट झाल्या, पेषणी शाबूत राहिली.

पिलांचे खाणे निराळे. झपाट्याने वाढण्यासाठी प्रथिने लागतात, म्हणून पहिले काही आठवडे ती मुख्यतः नाकतोडे, भुंगेरे, अळ्या खातात. मोठेपणी आहार बहुतांशी वनस्पतिजन्य होतो.

हिवाळ्यात भुसभुशीत बर्फाचा जाड थर साचला, की उकरणे अशक्य होते. मग ती कित्येक दिवस झाडावरच उपाशी बसते. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या बुरशीरोगाने पुढील दशकांत अमेरिकन चेस्टनटची झाडे जवळजवळ संपवली. शिकार व जंगलतोड यांनी आधीच विरळ झालेल्या टर्कीचे एक मोठे अन्न त्यासरशी गेले. आज तिची भिस्त ओकवर आहे.