मेंदूचं दार कोण उघडतं?

कुकरच्या शिट्ट्या दोन झाल्या की तीन, हे आठवत नाही. बोलता बोलता रोजच्या वापरातल्या वस्तूचं नाव सापडत नाही. ल्युपस झालेली बाई हे सांगते तेव्हा तिचा एमआरआय बऱ्याचदा स्वच्छ असतो आणि घरीदारी तिला एकच उत्तर मिळतं: टेन्शन घेऊ नकोस. या उत्तराला माझा ठाम आक्षेप आहे. विसराळूपणाचं खापर तिच्या स्वभावावर फोडण्याआधी तिच्या रक्तात काय चाललंय, हे पाहायला हवं.

ल्युपसमध्ये रोगप्रतिकार यंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते, अगदी डीएनएविरुद्धसुद्धा प्रतिपिंडं तयार करते. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुतेक ऐन उमेदीतल्या. हा आजार कातडीपुरता नाही, हे व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी १८७२ मध्येच दाखवून दिलं होतं. तरी मज्जासंस्थेवरच्या परिणामांची सर्वमान्य यादी व्हायला १९९९ साल उजाडलं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने तेव्हा एकोणीस प्रकार नोंदवले: बारा मेंदू आणि मज्जारज्जूचे, सात बाहेरच्या नसांचे. फिट, पक्षाघात, भ्रमिष्टपणा, नैराश्य, विस्मरण, सगळं त्यात आलं.

यातला पक्षाघाताचा भाग समजायला तुलनेने सोपा. काही रुग्णांच्या रक्तात गुठळ्या घडवणारी प्रतिपिंडं असतात. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्यांचा माग काढला. गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पस्तिशीतल्या बाईचा हात लुळा पडतो. तिथे रक्त पातळ ठेवणारी औषधं लागतात.

विस्मरणाचं कोडं अवघड. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बेटी डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की डीएनएविरुद्धची काही प्रतिपिंडं चेतापेशींवरच्या एनएमडीए ग्राहींनाही चिकटतात. शिकणं आणि आठवणं या ग्राहींवर अवलंबून असतं. मग त्यांनी उंदरांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं तयार करवली. उंदीर ठणठणीत राहिले. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की प्रतिपिंडांएवढा मोठा रेणू सहसा पलीकडे जात नाही. पण जिवाणूंच्या आवरणातलं विष टोचून जंतुसंसर्गासारखी स्थिती निर्माण केल्यावर ही भिंत सैल झाली. प्रतिपिंडं हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागात, उतरली, तिथल्या चेतापेशी मेल्या आणि उंदरांची स्मरणशक्ती ढासळली.

२००६ मध्ये त्यांनी विषाऐवजी ॲड्रेनालिन टोचलं. प्रतिपिंडं तीच, पण या वेळी ती अमिग्डलात पोहोचली, भीतीचे धडे जिथे नोंदले जातात तिथे. ठरावीक आवाजानंतर पायाला विजेचा झटका बसतो, हे शिकलेला निरोगी उंदीर तो आवाज ऐकताच जागच्या जागी थिजतो. हे उंदीर नीट थिजेनात.

ॲड्रेनालिन आपल्या शरीरात ताणाच्या वेळीच उसळतं. उंदरांना टोचलेली मात्रा माणसाला जशीच्या तशी लावता येणार नाही, हे खरं. पण ‘टेन्शन आहे, म्हणजे आजार नाही’ हा युक्तिवाद मला त्या प्रयोगापुढे टिकणारा वाटत नाही. ताण हाच आजाराला वाट करून देत असेल तर?

उपचारांत मात्र निराशाही पदरी पडली. एनएमडीए ग्राहींवर काम करणाऱ्या मेमँटिनने उंदरांच्या चेतापेशी वाचवल्या होत्या. बाल्टिमोरमध्ये ल्युपसच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत स्मरणशक्तीत लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे संशोधकांचं लक्ष मायक्रोग्लिया या मेंदूतल्या प्रतिकारपेशींकडे वळलं. प्रतिपिंडं निघून गेल्यावरही या पेशी चवताळलेल्या राहतात आणि चेतापेशींचे जोड छाटत राहतात. कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या जुन्या, स्वस्त गोळीने उंदरांमधली ही छाटणी आटोक्यात आल्याचं २०१८ मध्ये दिसलं. मला यातूनच आशा वाटते.

आपल्याकडे गुंता आणखी वाढतो. ल्युपसच्या रुग्णाला फिट आली तर ती ल्युपसमुळेच, असं गृहीत धरता येत नाही. मेंदूत क्षयाची गाठ असू शकते, फीतकृमीच्या अळीचं पुटकुळं असू शकतं. स्टिरॉइडच्या मोठ्या डोसनेही माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. म्हणजे एका शक्यतेत स्टिरॉइड वाढवायचं, दुसरीत तेच कमी करायचं. क्षय असताना तो न ओळखता प्रतिकारशक्ती दाबली तर जीवावर बेतू शकतं. म्हणून पाठीतलं पाणी तपासायला डॉक्टर सांगतात तेव्हा नातेवाइकांनी घाबरून नकार देऊ नये. आणि पेशंट असंबद्ध बोलू लागली म्हणून ‘बाहेरचं’ पाहणाऱ्याकडे नेण्यात गेलेला दिवस तर फार महागात पडतो.

एक गोष्ट मला फार खुपते. बेलिमुमॅब आणि ॲनिफ्रोलुमॅब ही ल्युपसवरची नवी औषधं बाजारात आली, पण त्यांच्या मुख्य चाचण्यांतून मेंदूचा तीव्र ल्युपस असलेले रुग्ण वगळले होते. त्यामुळे मेंदूवर जोराचा हल्ला झाला, की डॉक्टर अजूनही मिथाइलप्रेडनिसोलोन आणि सायक्लोफॉस्फमाइड या जुन्या जोडीकडेच वळतात. सायक्लोफॉस्फमाइडला आधार म्हणून मुख्यतः २००५ ची मेक्सिकोतली चाचणी दाखवली जाते. तिच्यात रुग्ण होते अवघे ३२.