घोड्याची झूल : केव्हां घालावी, किती जाड घालावी

थंडीचे दिवस आले म्हणजे मनुष्य पेटींतून लोंकरीचे कपडे बाहेर काढतो, आणि पदरीं घोडा असल्यास त्याच्याहि अंगावर झूल घालण्याची त्यास आठवण होते. या आठवणीच्या मुळाशीं दया असते, व दया हा सद्गुण खराच. परंतु ज्या मुक्या प्राण्यावर आपण दया करितों त्याच्या शरीराचें ज्ञान आपणांस नसेल, तर त्या दयेपासून त्यास सुखाऐवजीं पीडा होण्याचाहि संभव असतो. आपणांस थंडी वाजली म्हणजे घोड्यासहि वाजलीच पाहिजे, हें अनुमान पुष्कळ वेळां चुकीचें ठरतें. झूल केव्हां घालावी, किती जाड घालावी, आणि तितकेंच महत्त्वाचें म्हणजे ती केव्हां काढावी, याचा निर्णय कसा करावा हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे. ज्यांच्या दारीं घोडा नाहीं, त्यांसहि हा विचार गाय, बैल किंवा कुत्रें पाळतांना उपयोगी पडेल.

प्रथम घोड्याच्या स्वतःच्या वस्त्राचा विचार करूं. हें वस्त्र म्हणजे त्याचे केंस. ते उन्हाळ्यांत आंखूड व विरळ आणि हिवाळ्यांत लांब व दाट होतात. नवल असें कीं, या बदलाची मुख्य खूण थंडी ही नसून दिवसाची लांबी ही आहे. आपल्या उत्तर गोलार्धांत २१ जूनच्या सुमारास दिवस सर्वांत मोठा असतो. तेथून तो लहान होऊं लागला कीं डोळ्यांवाटे मेंदूस ती वर्दी पोंचते, आणि थंडीचा मागमूसहि नसतां हिवाळ्याच्या केंसांची तयारी सुरू होते. २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस पुन्हां वाढूं लागला म्हणजे ते केंस गळण्याची तयारी होते. म्हणूनच घोड्यांची पैदास करणारे लोक तबेल्यांत रात्रीं बराच वेळ दिवा जळत ठेवून हिवाळ्याचे केंस लवकर उतरवूं शकतात.

प्रत्येक केंसाच्या मुळाशीं एक बारीक स्नायु असतो. थंडी लागली म्हणजे तो आंखडतो व केंस उभा राहतो. उभ्या केंसांमध्यें हवा कोंडून राहते. आणि हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक असल्यामुळें अंगांतील ऊब बाहेर जाऊं शकत नाहीं. आपली गोधडी आपणांस उबदार ठेवते ती याच नियमानें. शिवाय त्वचेंतून पाझरणारें स्निग्ध द्रव्य केंसांस लागलेलें असल्यामुळें हलकासा पाऊस वरच्यावर ओघळून जातो. उघड्यावर राहणाऱ्या घोड्यास थंडीच्या दिवसांत अतिशय खरारा करूं नये असें जाणते लोक सांगतात, त्याचें कारण हेंच.

वस्त्र असें बाहेर, तर शेगडी पोटांत! घोडा गाईप्रमाणें रवंथ करीत नाहीं. त्यानें खाल्लेलें गवत जठरांतून व लहान आंतड्यांतून पुढें मोठ्या आंतड्यांत जातें, आणि तेथें असंख्य सूक्ष्म जंतु तें आंबवितात. खताचा ढीग उकरला असतां आंतून गरम लागतो, हें आपण पाहिलें असेलच. त्याच जातीची क्रिया घोड्याच्या पोटांत रात्रंदिवस चालूं असते, व तिच्यापासून त्यास पुष्कळ ऊब मिळते. चंदीचा दाणा बहुतेक आधींच पचून जातो, म्हणून त्यापासून अशी ऊब फारशी निघत नाहीं. यावरून एक नियम हातीं येतो. थंडीची रात्र येणार असें दिसलें, तर पहिला उपाय म्हणजे तोबऱ्यांत अधिक दाणा नव्हे, व झूलहि नव्हे. पुढ्यांत अधिक वाळलेलें गवत, हा होय.

आतां आंकड्यांकडे वळूं. घोड्याच्या शरीराची स्वाभाविक उष्णता सुमारें ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. निरोगी घोड्यास सुमारें ५ ते २५ अंशांच्या हवेंत ही उष्णता कायम राखण्यास विशेष श्रम पडत नाहींत, असें शास्त्रज्ञ सांगतात. उघड्या अंगाच्या मनुष्यास हेंच सुख सुमारें २५ ते ३० अंशांत मिळतें. म्हणजे जेथें आपणांस हुडहुडी भरते, तेथें घोडा स्वस्थ उभा असतो. याचें आणखी एक कारण त्याचा आकार. मोठ्या हंड्यांतील पाणी लहान तांब्यांतील पाण्यापेक्षां उशिरां निवतें, तसेंच मोठें शरीरहि उशिरां निवतें. दाट केंसांचा, पोटभर चारा मिळणारा व थंडीस सरावलेला घोडा उणें १५ अंशांपर्यंतहि टिकाव धरूं शकतो; आणि मोंगोलिया व याकुतिया येथील घोडे तर याहूनहि कडक हिवाळा उघड्यावर काढतात. मात्र हा सराव एका रात्रींत होत नाहीं. त्यास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून हवा एकाएकीं पालटली असतां घोड्यास अधिक जपावें लागतें.

मग झूल मुळींच नको काय? असें नाहीं. निसर्गाचें हें वस्त्र निकामी करणारे दोन शत्रु आहेत : पाऊस व वारा. मुसळधार पावसानें केंस भिजून अंगास चिकटले म्हणजे त्यांतील कोंडलेली हवा निघून जाते. वारा सुटला म्हणजे तो ती उडवून नेतो. दोन्ही एकत्र आले तर ८-१० अंशांतहि घोडा कांपूं लागतो, आणि तोच घोडा कोरड्या व निवांत हवेंत शून्य अंशांतहि खुशाल असतो. याशिवाय म्हातारा, रोडका, आजारी किंवा अगदीं लहान घोडा, आणि शर्यतीच्या घोड्यांसारखा पातळ कातडीचा व आंखूड केंसांचा घोडा, यांस इतरांहून आधीं झुलेची गरज लागते. जो घोडा दावणीस बांधलेला आहे त्याची स्थिति तर अधिकच बिकट असते. कारण मोकळा घोडा वाऱ्याकडे पाठ करून किंवा झाडाच्या आडोशास जाऊन आपला बचाव करितो, तें बांधलेल्या घोड्यास साधत नाहीं.

इंग्लंडांत आणखी एक प्रकार आढळतो. तेथें हिवाळ्यांत कामावर असलेल्या घोड्याचे लांब केंस घामानें भिजतात व थंड हवेंत लवकर वाळत नाहींत. म्हणून ते यंत्रानें कातरून टाकण्याची चाल आहे. मनुष्यानें आपल्या सोयीसाठीं घोड्याचें वस्त्र काढून घेतलें, तेव्हां त्याच्या बदल्यांत दुसरें देणें हें त्याचें कर्तव्यच होय. अशा घोड्यास झूल ही चैन नव्हे.

झुलेच्या जाडीचें माप आजकाल तिच्या आंतील भरावावरून सांगतात. म्हणजे एक चौरस मीटर कापडांत किती ग्रॅम भराव आहे, हें पाहतात. भराव शून्य असेल तर ती झूल केवळ पाऊस व वारा अडविते. ५० ते १०० ग्रॅमांची झूल हलकी, २०० ग्रॅमांच्या आसपासची मध्यम, आणि ३०० ग्रॅम व त्याहून अधिक भरावाची ती जाड समजतात. निरोगी व केंसाळ घोड्यास थंड पावसांत बहुधा शून्य भरावाची पावसाळी झूलच पुरते. केंस कातरलेल्या घोड्यास थंडीच्या मानानें हलकी, मध्यम किंवा जाड झूल लागते. येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत ठेवावी. झुलेच्या भारानें केंस दबून बसतात व त्यांची कोंडलेली हवा नाहींशी होते. म्हणून कोरड्या थंडींत दाट केंसांच्या घोड्यावर पातळ झूल घातल्यास तो पूर्वीपेक्षांहि अधिक गारठण्याचा संभव असतो. अर्धवट मदत ही कधीं कधीं अडचणच होते, तिचें हें चांगलें उदाहरण आहे.

अधिक जाड झुलेपासून होणारी हानि याहून मोठी आहे. मनुष्यास उकडलें तर तो अंगरखा काढतो; घोड्यास आपल्या झुलेचे पट्टे सोडतां येत नाहींत. तो आंतल्या आंत घामेजतो, बेचैन होतो, आणि तो घाम रात्रीं गार झाला म्हणजे त्यास खरोखरीची थंडी बाधते. ओलसर उबेंत त्वचेवर खपल्या धरणारे रोग बळावतात. मानेच्या मुळाशीं असलेल्या उंचवट्यावर व खांद्यांवर झूल घांसून जखमा होतात. सर्वांत फसवी गोष्ट ही कीं, झुलेखालीं घोडा रोडावत चालला तरी तें दिसत नाहीं. म्हणून दिवसांतून एकदां तरी झूल पुरी काढून बरगड्या, पाठ व खांदे हातानें चांचपून पाहावे. उलट, लठ्ठ घोड्यास सदा झुलेखालीं ठेवल्यास हिवाळ्यांत स्वभावतः उतरणारी चरबी उतरत नाहीं, व त्या लठ्ठपणामुळें पुढें खुरांच्या आंत दाह होऊन घोडा लंगडा होण्याची भीति असते.

आतां आपल्या प्रांताकडे पाहूं. पुण्याकडे डिसेंबर-जानेवारींत पहाटे पारा १० ते १२ अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारीं ३० अंशांपर्यंत चढतो. एकाच दिवसांत हा सुमारें १८ अंशांचा फेर! वर सांगितलेल्या मापानें पाहिलें तर पहाटेची ही थंडी निरोगी घोड्यास मुळींच जड नाहीं. उलट दुपारचें ऊनच त्याच्या सुखाच्या मर्यादेबाहेर जातें. म्हणून पहाटे घातलेली झूल विसरून दुपारपर्यंत तशीच ठेवणें, हीच आपल्याकडील खरी चूक होय. नंदुरबार जिल्ह्यांत तापी नदीच्या कांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीस घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें दूरदूरच्या प्रांतांतून आलेले घोडे उघड्या मैदानांत बांधलेले असतात. अशा ठिकाणीं प्रवासानें थकलेल्या किंवा रोड घोड्यास रात्रीं हलकी झूल घालणें योग्य. परंतु सूर्य वर येतांच ती उतरली पाहिजे. महाबळेश्वराकडे प्रश्न थंडीचा नसून ओलाव्याचा आहे. तेथें वर्षांत सरासरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व तो बहुतेक चार महिन्यांतच. अशा दमट हवेंत दिवसेंदिवस ओली झूल अंगावर ठेवण्यापेक्षां, वरून न गळणारें छप्पर व पायाखालीं कोरडी जमीन देणें हें शतपटीनें हितकर.

धांवून किंवा ओझें वाहून आलेल्या घोड्याची गोष्ट निराळी. स्नायूंत खर्च होणाऱ्या शक्तीचा फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामीं येतो. बाकीची उष्णता होते व ती घामावाटे बाहेर पडूं पाहते. अशा वेळीं जाड झूल घालणें म्हणजे उकळत्या भांड्यावर झांकण ठेवणें होय. घोड्यास प्रथम सावकाश फिरवावा, गवताच्या बोळ्यानें अंग पुसावें, आणि वाफ बाहेर जाईल अशी जाळीची किंवा विरळ कापडाची झूलच घालावी. इंग्लंडांतील जुने मोतद्दार ओल्या पाठीवर वाळलेल्या पेंढ्याचा थर देऊन त्यावर तागाची झूल टाकीत. पेंढ्यांतून हवा खेळे, ओलावा वर निघून जाई, व घोडा वाळे. अंग पुरतें वाळल्यावरच, गरज असल्यास, नेहमींची झूल घालावी.

निर्णयाची कसोटी काय? कांहीं लोक कान किंवा पाय गार लागले म्हणजे घोडा गारठला असें समजतात. परंतु गुडघ्याखालीं घोड्याच्या पायांत बहुतेक हाडें व शिराच असतात; ते गार असणें स्वाभाविक आहे. खरी कसोटी अशी : झुलेखालीं खांद्याच्या मागें हात घालावा. तेथें अंग कोरडें व कोमट लागलें, तर सर्व ठीक. दमट लागलें, तर झूल जाड आहे. ती बदलावी किंवा काढावी. गार लागलें आणि घोडा कांपत असेल, शेपूट आंत दाबून पाठ आंखडून उभा असेल, तर अधिक ऊब द्यावी. झूल घालतांना आतांची हवा न पाहतां, पुढल्या आठ-दहा तासांत ती कशी होईल हें पाहावें. आणि शंका असेल तेव्हां पातळ झूल पत्करावी. किंचित् गारठा घोडा आपल्या गवतानें व हालचालीनें निवारूं शकतो; कोंडलेली उष्णता मात्र त्यास निवारतां येत नाहीं.

याविषयीं प्रत्यक्ष घोड्यांचें मत विचारण्याचा एक सुंदर प्रयोग नॉर्वे देशांत झाला व तो २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. २३ घोड्यांस तीन खुणांच्या फळ्या ओळखावयास शिकविलें : एकीचा अर्थ “झूल घाला,” दुसरीचा “झूल काढा,” व तिसरीचा “आहे तसेंच असूं द्या.” जी फळी घोडा नाकानें स्पर्शील त्याप्रमाणें करावयाचें. चौदा दिवसांच्या आंत सर्व घोडे हें शिकले! उबदार व स्वच्छ दिवशीं त्यांनीं झूल नको असें सांगितलें. थंड वारा व पाऊस असतां झूल मागितली. शास्त्रज्ञांनीं आंकड्यांनीं जें सिद्ध केलें होतें, तेंच या मुक्या साक्षीदारांनीं आपल्या परीनें सांगितलें.

आपल्या घरच्या जनावरांजवळ अशा फळ्या नसतात. परंतु त्यांचें अंग, त्यांचे केंस व त्यांचें उभें राहणें हें सर्व बोलतच असतें. तें ऐकण्यास आपला हात आणि रोजचें थोडें लक्ष पुरे आहे. विद्यार्थिमित्रहो, झूल विकत घेणें सोपें आहे. पहाटे ती घालण्यास व ऊन चढतांच ती काढण्यास न चुकतां तबेल्यांत जाणें हें कठीण. ज्यास हें दुसरें जमणार नाहीं, त्यानें पहिलें न केलेलेंच बरें.